हिरडीबाईचं बोट

हिरडीबाईनं कुठल्याही बाळाचा चेहरा नीट पाहिला असेल, असं मला वाटत नाही. बाळ आईवर गेलं की बापावर, या चर्चेत बाकीच्या बायका रंगलेल्या असताना ती त्याच्या तोंडात डोकावत असे. "नाकडोळे आले तसे आले," ती म्हणायची, "हिरड्या आपल्या हातात हाईत."

टेंभुर्णीच्या दवाखान्यात ती आया होती. पगार झाडण्यापुसण्याचा. पण पूर्वीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला तान्ह्या मुलांच्या हिरड्यांची निगा शिकवली होती. त्या बदलून गेल्या आणि ही विद्या गावात हिच्या एकटीजवळ उरली. खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. गाव तिला हिरडीबाई म्हणे, तेही पाठीमागे. तिचे स्वतःचे समोरचे दोन दात नव्हते. कुणी हसलं की म्हणे, "माझ्या वेळंला कुणी बोट घातलं न्हाई, म्हणून हे असं."

तिचे नियम थोडे आणि पक्के. दूध पाजून झालं की उकळून वाळवलेली मऊ चिंधी बोटाला गुंडाळायची, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायची आणि हिरड्या हलक्या हातानं पुसायच्या. गुळाची पुरचुंडी चोखायला द्यायची नाही. जुलाब झाले तर दात येतायत म्हणून घरी बसायचं नाही, दवाखान्यात यायचं. "दुधाचे दात पडणारच, मग एवढं कशाला?" असं माझ्या सासूबाईंनी तिला एकदा विचारलं.

"लुगडंबी फाटणारच हाय की, काकू. मंग धुता कशाला?"

ते वाक्य सासूबाई कधी विसरल्या नाहीत.

तिचा सगळ्यात कडक नियम हात धुण्याचा. साबणानं धुवायचे आणि मग बाळाच्या तोंडाखेरीज कशालाही लावायचे नाहीत. इथे गावाची पंचाईत होई. हिरडीबाई बौद्धवाड्यातली. कित्येक घरांत तिला ओसरीपुढे येऊ देत नसत आणि पाणी वरून ओतत. त्याच घरांतल्या बाळांच्या तोंडात तिचं बोट मात्र चालायचं. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. मलाही दिसत नव्हतं, हे सांगून टाकते.

माझी मुलगी आठ महिन्यांची झाली आणि तिला वरचा दात आधी आला. आमच्याकडे असा दात मामाला भारी समजतात. भाऊबीज चार दिवसांवर होती. सासूबाईंनी सांगून टाकलं, "भावाला कळीव, यंदा येऊ नको म्हणावं. त्याच्याच जिवासाठी सांगून राह्यले." आईवडील गेल्यावर तो एकटा भाऊ हेच माझं माहेर होतं. नवीन जालन्यात एका आडतीवर तो कामाला होता आणि वर्षातून एकदाच माझ्याकडे येऊ शके. भावाचं सगळं कळवून, खालचा दात आधी आलाय का ते बघायला मी हिरडीबाईला बोलावणं धाडलं.

ती आली. सासूबाई अंगणात पाणी ओतायला तांब्या घेऊन उभ्या राहिल्या, तर तिनं हात मागे घेतले.

"इथं धूळ हाय, काकू. धुतलेला हात परत घाण व्हतो. आत मोरीवर धुते, न्हाईतर बोट घालणार न्हाई."

सासूबाई घुटमळल्या. एकीकडे मोरी, एकीकडे मामा. शेवटी बाजूला झाल्या. हिरडीबाईनं आमच्या पितळी तांब्यानं स्वतः पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि मुलीच्या हिरडीवरून सावकाश बोट फिरवलं.

"खालचा आधी आल्ता," ती म्हणाली. "टोक हाय हिरडीत. तुम्हाला दिसून न्हाई राह्यलं, बोटाला लागून राह्यलं."

"बराबर बघितलं?"

"बिलकुल. किती वरसं बोट घालून राह्यले, काकू."

"मंग येऊ दे मामाला," म्हणत सासूबाई आत वळल्या.

तिला पोचवायला मी अंगणाच्या कडेपर्यंत गेले. हळूच विचारलं, "खरंच टोक आहे?"

"न्हाई. पण भावाची सुट्टी ठरलेली हाय, वहिनी. दाताचं काय, येईल कवाबी."

तेवढ्यात तिला मोरीवर राहिलेली आपली साबणाची डबी आठवली. आम्ही दोघी परत आत गेलो. सासूबाई मोरीवर गोमूत्र शिंपडत होत्या. तांब्या चुलीतल्या निखाऱ्यांवर घातलेला होता.

"आमचाबी नियम असतो, बाई," सासूबाई म्हणाल्या.

"धुवा, धुवा. धुतलेलं चांगलंच," हिरडीबाई म्हणाली आणि डबी उचलून निघाली.

मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर भाऊ आला नसता.

भाऊ आला. त्याला ओवाळलं, मुलगी त्याच्या मांडीवर झोपली. खालचा दात त्यानंतर आठवड्यानं आला. माझी मुलगी आता स्वतः आई झाली आहे आणि तिला मी हिरड्या पुसायला शिकवते.

हिरडीबाई पुढेही वर्षभर, तिची बदली होईपर्यंत, मुलीला बघायला येत राहिली. मात्र हात धुवायला पाणी ती आपल्या बाटलीत घेऊन यायची आणि ओसरीवरच बसायची. सासूबाई घरी नव्हत्या तेव्हा एकदा मी म्हटलं, "आत या ना."

"नको, वहिनी. इथं उजेड चांगला हाय."

आमच्या त्या ओसरीत भर दुपारीसुद्धा अंधार असे.