साखळीला बांधलेला आवाज

तेल न बदलता एखादी बस डेपोबाहेर पडली, की मिस्त्री त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. "चालतेय ना, मग राहू दे," असं कुणी म्हटलं तर त्यांचं डोकंच फिरायचं. "चालतेय म्हणून राहू देतोस? आणि घाटात बंद पडली, की खांद्यावर घेऊन येणार आहेस का?" आणि हाच माणूस घरी मात्र, कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'अपडेट आलंय, आत्ता करायचं की नंतर?' असं दिसलं रे दिसलं, की मुकाट 'नंतर' दाबायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण थांबा, इतक्यात हसू नका. त्या कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या बायकोचा आवाज होता.

बाई बसस्थानकावर घोषणा करायच्या. मिस्त्रींनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते बसखालच्या खड्ड्यात उताणे पडले होते आणि तोंडावर ग्रीस गळत होतं. "चेहरा नंतर पाहिला, लग्न आवाजाशीच ठरवलं," असं ते चारचौघांत सांगायचे, आणि बाई लटक्या रागाने म्हणायच्या, "म्हणजे चेहरा पाहून पस्तावलात, असंच ना?"

पुढे बाईंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मिस्त्रींची पुतणी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "काकू, ऑपरेशनच्या आधी तुझे शब्द भरून ठेवू. नंतर तू टाइप करायचं आणि कॉम्प्युटर तुझ्याच आवाजात बोलेल." मग आतल्या खोलीच्या खिडकीला गोधड्या लावल्या आणि बाई माइकसमोर बसल्या. एकेक शब्द: मीठ, किल्ली, उद्या, दुखतंय, नको. घसा बसला की कोमट पाणी प्यायच्या आणि पुन्हा बसायच्या.

शेवटच्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "आता शिव्या भर."

"कसल्या शिव्या?"

"मला घालतेस त्या. नाहीतर घर घर वाटायचं नाही."

बाईंनी मनापासून भरल्या. "अहो, कान आहेत की कोनाडे?" "पाना हातात नसला, की तुमची अक्कल गहाण!" बोलता बोलता त्यांना हसू फुटलं आणि ते हसूही भरलं गेलं. पुतणीने ते काढून टाकलं नाही.

ऑपरेशननंतर घर पुन्हा बोलू लागलं. इंजिनांच्या धडधडीने मिस्त्रींचे कान अर्धे गेले होते, म्हणून त्यांनी स्पीकर मोठा लावला. "अहो, चहा झाला," हे शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं. बाई बहिणीशीही तसंच बोलायच्या, त्यासाठी इंटरनेट घेतलं होतं.

अपडेट मिस्त्रींनी कधी केलंच नाही, असं मात्र नाही. सुरुवातीला एकदा शहाण्यासारखं केलं, आणि तो बोलण्याचा प्रोग्राम बंद पडला. पुतणी येऊन दुरुस्त करीपर्यंत बाई मांडीवर पाटी घेऊन बसून होत्या. काही लिहीत नव्हत्या, नुसत्या बसून होत्या. मिस्त्रींना ते बघवेना. दुधाने तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितो. ह्यांनी तर ताक पिणंच सोडलं.

पुतणी कानीकपाळी ओरडायची. "काका, अपडेट म्हणजे नुसती नवी रंगरंगोटी नसते. जिथून चोर शिरेल अशी भोकं सापडतात, ती बुजवायला ते येतं. घाबरू नका, आपण सगळ्याची एक प्रत काढून ठेवू. बिघडलंच तर प्रत आहे." तिने छोटी डिस्क आणली, प्रत काढली आणि बजावलं, "ही काढून कपाटात ठेवा."

आता डेपोतली रीत अशी, की कामाची वस्तू साखळीला हवी. पाना असो, जॅक असो, मोकळा ठेवला की त्याला पाय फुटलेच म्हणून समजा. मिस्त्रींची हयात त्यात गेलेली. त्यांनी डिस्कच्या कव्हरला भोक पाडलं, बारीक साखळी ओवली आणि टेबलाच्या पायाला कुलूप घातलं. वायर कॉम्प्युटरला लावलेलीच राहू दिली, म्हणजे रोजचं रोज आपोआप उतरत राहील. "आता बघू कोण नेतो ते!" असं म्हणून त्यांनी हात झटकले. आणि 'नंतर' दाबणं चालूच राहिलं.

एका सकाळी बाई टाइप करायला बसल्या, तर पडद्यावर लाल चौकट. तुमचं सगळं कुलूपबंद केलं आहे, हवं असेल तर पैसे पाठवा. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला. वरातीमागून घोडं!

पुतणी धावत आली. आधी तिने पडदा पाहिला, मग तिची नजर साखळीवर गेली.

"काका, ही कायम लावलेलीच होती?"

"मग? हरवली असती तर?"

तिने डिस्क आपल्या मशीनला जोडली. मीठ, किल्ली, उद्या, सगळी नावं ओळीने होती. एकही उघडेना.

"काका, जे कॉम्प्युटरमध्ये शिरलं ते वायरीतून इथेही आलं."

"पण साखळी होती ना गं!"

"साखळी हातांसाठी असते, काका. ह्याला हात नसतात." तिने डिस्कची वायर काढली. "हे भोक बुजवणारं अपडेट कधीचं येऊन पडलंय. तुम्ही घेतलं नाहीत."

पैसे देऊनही आवाज मिळेल याचा भरवसा नाही, असं ती म्हणाली. दुकानातल्या जाणत्या लोकांना तिने विचारलं, ज्याला त्याला विचारलं. सगळ्यांनी हात टेकले.

मिस्त्री बसस्थानकावर गेले. बाईंची एखादी घोषणा कुठे भरून ठेवलेली असेल, एवढीच आशा. तिथला जुना साहेब त्यांना ओळखत होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मान हलवली. "बाई तोंडानेच बोलायच्या हो. त्या रोज होत्याच, भरून कोण ठेवणार?" मिस्त्री बराच वेळ फलाटावर उभे राहिले. एक अनोळखी आवाज गाड्या सांगत होता.

घरी आले तर बाईंनी चहा समोर आणून ठेवला. मिस्त्रींनी कपाला हात लावला नाही.

"शिव्या घाल मला," ते म्हणाले. "माझी तीच लायकी आहे. दुनियेच्या गाड्या सांभाळल्या मी, आणि तुझा आवाज... घाल गं चार शिव्या. घाल!"

बाई त्यांच्यासमोर बसल्या. त्यांचे ओठ हलले. सावकाश, बराच वेळ हलले. इतकी वर्षं बोलायला मशीन होतं, त्यामुळे त्या ओठांकडे मिस्त्रींनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. शिवी होती, की आणखी काही होतं, त्यांना काही म्हणजे काही उमगेना.

"काय? काय म्हणालीस?"

बाई पुन्हा तेच बोलल्या. आणखी सावकाश.

मिस्त्रींनी कळल्यासारखी मान हलवली. कळलेलं नाही, हे बाईंना कळलं. त्यांनी ओठ मिटले आणि चहाचा कप त्यांच्याकडे जरा सरकवला.