न शिवता घेतलेली तोंडी परीक्षा

साठच्या दशकात मी आमच्या भागातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्राध्यापकाचा पगार नाही, शिपायाचा रुबाब नाही आणि ब्युरेट फुटली की गुन्हेगार आपणच. आम्ही तापीकाठचे गुजर. केळीची बाग सोडून पोरगा बाटल्या धुवायला गेला म्हणून वडील माझ्यावर रुसलेले. नसत्या उठाठेवी करायची मला खोड होती, आणि त्या दिवसांतली माझी मोठी उठाठेव म्हणजे सातपुड्यातल्या एका भिल्ल मुलाला एम.एस्सी.ला पाठवायचं खूळ.

मुलगा डोंगरातल्या काठी गावाकडचा. घरी भिली बोलायचा, आमच्याशी अहिराणी आणि परीक्षेत इंग्रजी. कुठलाही क्षार हातात द्या, त्यात काय काय आहे ते पठ्ठ्या शांतपणे शोधून काढायचा. आमचे प्राचार्य मात्र म्हणत, “बी.एस्सी. झाला की एखाद्या शाळेत चिकटवून देऊ. अंथरूण पाहून पाय पसरावेत.” मला चीड यायची. यांच्या मुलाचं अंथरूण पुण्यापर्यंत पसरलेलं, आणि याचं तेवढं डोंगरातल्या धडगावातच का संपावं?

त्या वर्षी शेवटच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक म्हणून पुण्याच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुखच येणार होते. एम.एस्सी.च्या जागांवर त्यांचा शब्द चाले. त्यांच्यापुढे मुलगा चमकला की काम फत्ते, असा माझा हिशेब. आणि नेमका परीक्षेच्या तोंडावर हा गडी अनवाणी आला.

“चप्पल कोठे शे रे?” मी विचारलं.

“पाळणी शे, सर. मन्ही मायनी नवस बोलेल शे. पोऱ्या शेवटना वर्गमा गया तर होळीले बुध्या व्हई.”

होळीत अंगावर राखेची नक्षी काढून बुध्या म्हणून नाचायचं तर त्याआधी पाळणी पाळावी लागते. आंघोळ नाही, पायात काही घालायचं नाही, खाटेवर-खुर्चीवर बसायचं नाही, कुणाला शिवू द्यायचं नाही. पोरानं शिकावं म्हणून आईनं देवीला गळ घातली, आणि फेड आली ती ऐन परीक्षेत! मी म्हटलं, “अरे, नवस पुढला साल फेड.” तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच खजील झालो.

परीक्षक आले. सोबत स्वतःचा तांब्या, स्वतःचं पाणी, घरचा फराळ. प्राचार्यांच्या खोलीतला चहा त्यांनी हात जोडून नाकारला. हमाल ट्रंक उचलताना जवळून गेला तर धोतराचा सोगा सावरून बाजूला झाले. हे बघितलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

“सर,” मी अदबीनं म्हणालो, “एक विद्यार्थी नेमात आहे. त्याला शिवायचं नाही. तो खुर्चीवर बसणार नाही.”

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. परीक्षकांचा चेहरा मात्र उजळला. “वा! या काळातही सोवळं पाळणारी मुलं आहेत म्हणायची!” मी मान नुसती तिरपी हलवली. समोर नावं नव्हती, बैठक क्रमांक होते. राहता राहिला प्रश्न आंघोळीचा. सोवळ्यातला माणूस पारोसा कसा? म्हणून हायड्रोजन सल्फाइड तयार करायचं यंत्र मी त्या दिवशी जरा सढळ हातानं चालू ठेवलं. सडक्या अंड्यांच्या त्या घमघमाटात कोण न्हालंय आणि कोण नाही, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

मुलानं प्रयोग सुरेख केला. तोंडी परीक्षेला तो उभाच राहिला, तेव्हा नेमाचा मान राखायचा म्हणून परीक्षकही उठून उभे राहिले. तेही चांगले चार हात लांब. मध्ये टेबल, अलीकडे पुणं, पलीकडे सातपुडा. प्रश्न जातोय, उत्तर येतंय. प्रश्न अवघड होत गेले, तशी परीक्षकांची मान डोलू लागली. शेवटी ते प्राचार्यांना म्हणाले, “याला मी एम.एस्सी.ला घेतो. असे आचार पाळणारी मुलं विभागात हवीतच.”

मी मनात उडी मारली. तेवढ्यात मुलगा बोलला.

“सर, माझं तुमच्यासारखं सोवळं नाही. मी भिल्ल आहे. आईनं होळीचा नवस केलाय, त्याची पाळणी आहे. पाच दिवस आंघोळही केलेली नाही.”

मी मनातच ओरडलो, अरे गाढवा, जूनमध्ये प्रवेश मिळेपर्यंत गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं! प्राचार्य घाम पुसत म्हणाले, “सर, गैरसमज झाला असेल. याच्या नोकरीचं आम्ही बघतोच आहोत इथे.”

परीक्षक मुलाकडे बघत होते. चेहऱ्यावरून काही कळेना. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे इतका वेळ मी लांब उभा होतो, ते...?”

“ते बरोबरच होतं, सर. तुम्ही जवळ आला असतात तर माझी पाळणी मोडली असती.”

जन्मभर दुसऱ्यांना लांब ठेवलेल्या त्या माणसाला प्रथमच कुणीतरी लांब ठेवलं होतं, आणि तेही इतक्या अदबीनं की रागावायची सोय नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, दुखरे गुडघे चोळले.

“नवस फिटतो कधी?”

“होळी झाली की, सर.”

“मग जूनमध्ये पुण्याला ये. पण तिथे असं लांबून चालायचं नाही. एका कानानं मला कमी ऐकू येतं. माझ्या शेजारी उभं राहून काम करावं लागेल.”

मुलानं लांबूनच जमिनीला हात लावून नमस्कार केला. मला इतका आनंद झाला की प्राचार्यांच्या तोंडावर मी मोठ्यानं हसलो.