नाव लाव, कुलूप नको

मनकर्णामावशींच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी शिट्टी असते, अगदी लग्नकार्यातसुद्धा. एकदा पंगतीत वाढपी आमच्या रांगेकडे फिरकेनात, तेव्हा मावशींनी ती फुंकली आणि भात आला.

बेलापूरच्या अलीकडचं आमचं गाव त्याच शिट्टीनं जागं होतं. शाळेमागच्या पंचायतीच्या मैदानावर रोज सकाळी पोरींचा खो-खो असतो. मावशी घरी शाळेचे ड्रेस शिवतात आणि खो-खो शिकवतात फुकट. रीत एकच: ज्या घरची पोर खेळते, त्या घरच्या बाईनं आळीपाळीनं मैदानावर सडा टाकायचा, अंगणात टाकतो तसा. धूळ बसते. माझी निकिता खेळायला लागली, तेव्हा मीही बादली घेऊन गेले. माझं पाणी ओतणं बघून मावशी म्हणाल्या, "सडा हाय हा. गाडी धुतीस व्हय?"

गेल्या वर्षी राधाकृष्णशेठ गावात आले. मूळचे इथलेच, पुण्यात बांधकामात कमावलेले. आईच्या नावानं स्टेडियम बांधून देतो म्हणाले. गॅलरी, दिवे, पोरींसाठी स्वच्छतागृह. अट एवढीच, की मैदान तीस वर्षं त्यांच्या ट्रस्टकडे. भोवती भिंत, गेट, आणि फी भरून सभासद होईल तोच आत.

याच गॅलरी-स्वच्छतागृहासाठी सरकारी अनुदानाचा प्रस्ताव पाठवणारे आमचे सरपंच एव्हाना आजोबा झाले होते, प्रस्ताव मात्र तालुक्याच्या कचेरीतच होता. त्यामुळे गाव खूश. "कोणी देतंय तर घ्यावं," आमचे हे म्हणाले. स्वच्छतागृहाचा मोह मलाही होता. सरावाला आलेल्या पोरी आडोसा शोधत कुठवर जातात, ते आयांनाच ठाऊक.

ग्रामसभेआधी बायकांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती अशी होते: पंचायतीचा शिपाई कल्याण रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो, आपण पिठाच्या हातानं सही करायची, झाली सभा. तो माझ्याकडे आला, तेव्हा मावशी निकिताचं माप घेत होत्या.

"सभा कवा झाली रं?"

"झाली म्हणायची, मावशी."

"म्हंजी जेवले म्हनायचं आन् उपाशी झोपायचं? जा, सांग ग्रामसेवकाला. सभा उद्या, मैदानावर. सह्या तितं घे."

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. कोणी भाजी निवडायला घेऊन, कोणी नातवंड कडेवर घेऊन. शेठही आले. त्यांच्यासाठी खुर्ची आणली, आम्ही खाली सड्यावर.

"मावशी, पैसा मी घालतोय," शेठ हसत म्हणाले. "मग सांभाळायला माझा ट्रस्ट नको?"

"आमी बी घालतोच की. पानी आमचं, शेन आमचं, पहाटंची झोप आमची. आमी कदी कुलूप लावलं का?"

"सरकार बांधून देईल असं वाटतं तुम्हाला?"

"ते आमी बघू. राधाकृष्णा, तुझ्या आईचं नाव लाव. लई मोठ्या अक्षरात लाव. शेनाच्या पाट्या वाहून शिकवलं तिनं तुला, मी बघितलंय. ती आज हितं आली, तर सभासद व्हायला पैसं कुठनं आनील?"

 कोणीतरी मेथीची जुडी खाली ठेवून हात वर केला. मग माझा गेला. देणगी घेऊ, नाव लावू, मैदान पंचायतीचंच राहील, गेट नको, असा ठराव झाला. ग्रामसभेतही आम्ही पुढच्या रांगेत बसून तो मंजूर करून घेतला.

शेठनी देणगी काही दिली नाही. "दिवे घालवले तुमच्या मावशीनं," असं मला किराणा दुकानात अजून ऐकावं लागतं.

मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणतात, "मग सोमवारी तू बी चल."

दर सोमवारी त्या पोरींना घेऊन तालुक्याच्या कचेरीत जातात. व्हरांड्यात पोरी खो-खोच्या रांगेत बसतात, एक इकडे तोंड करून, दुसरी तिकडे. पहिल्याच सोमवारी साहेब बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"सराव," मावशी म्हणाल्या. "गॅलरीचा कागुद तुमच्याकडं हाय, म्हनून तुमच्याकडंच."

मागच्या आठवड्यात स्वच्छतागृहाची जागा मोजायला माणूस येऊन गेला. गॅलरीचं अजून काही नाही. येत्या सोमवारी मीही जाणार आहे. सकाळी मैदानावर सडा माझा आहे, तो टाकून निघायचं.