मकावचा उलटा नकाशा

काल शारजातल्या एका प्रदर्शनात जुन्या कागदाचा ओलसर, तुरट वास आला आणि मी मनाने थेट अल ऐनमधल्या, कित्येक वर्षांपूर्वीच्या एका सेमिनारच्या सभागृहात जाऊन पोचले.

तेव्हा मेधा आणि मी तिथल्या विद्यापीठाच्या लायब्ररीत एकत्र काम करायचो. चीनमधल्या मकाव बंदराचा एक जुना युरोपीय नकाशा आमच्याकडे आला होता. त्यातला किल्ला चुकीच्या बाजूला का, हे कुणालाच कळत नव्हतं. एका दुपारी मी पर्समधला आरसा नकाशाशेजारी धरला आणि आरशात शहर सरळ दिसलं. कुणीतरी दुसऱ्याचा नकाशा तांब्याच्या पत्र्यावर, अक्षरं तेवढी उलटी करून, बाकी जसाच्या तसा कोरला होता, म्हणून छापताना सगळं उलटं झालं होतं. “मेधा, हे बघ!” मी ओरडलेच.

महिन्याभराने सेमिनारमध्ये मेधा तेच मांडत होती. कुणीतरी विचारलं, “हे लक्षात कसं आलं?” तिची नजर श्रोत्यांवरून फिरत माझ्यावर थांबली. आता माझं नाव घेणार म्हणून मी पदर सावरला.

“सहज आरसा धरून पाहिला मी,” ती म्हणाली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

चहाच्या वेळी माझा हात धरून म्हणाली, “अगं, गडबडीत तुझं नाव राहूनच गेलं. सॉरी हं.”

“खलास गं, सोड, त्यात काय!” तिथल्या अरबी बोलण्याच्या सवयीने मी म्हणाले, आणि ती विसरली असेल असंच इतकी वर्षं मानलं.

काल मात्र तिची ती नजर पुन्हा दिसली. ती विसरली नव्हती. मी गप्प बसेन ना, एवढंच तिने उत्तर देण्याआधी पाहून घेतलं होतं.