वसंतरावांच्या दारातली दवंडी

सुदामभाऊ कोतवाल दवंडी देण्याआधी चपला काढायचे. वैशाखात रस्ता तापलेला असला तरी. नांदुरा तालुक्यातल्या त्या गावात मी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कारण विचारलं. म्हणाले, "साहेब, दवंडी म्हंजे गावाले देल्ला शबद. चपला घालून शबद देतेत का कोणी?"

त्यांना वाचता येत नव्हतं. मी चिठ्ठी लिहायची, तीनदा वाचून दाखवायची, की मजकूर पाठ. मग थाळी वाजवत पारापासून निघायचे. दिलेली दवंडी मात्र फिरवत नसत. ग्रामसभेची तारीख बदलली तरी कुरकुर चालायची. "एकदा सुटली का वापस येत नाही," म्हणायचे.

करोनाने त्यांचा हा हेका मोडला. आधी आजाऱ्यानेच तोंड बांधायचं होतं, मग सगळ्यांनी. आज सांगितलेलं पंधरवड्यात बदलायचं. पारावर रोज खडाजंगी. एक म्हणे, "याईलेच काही मालूम नाही, आपल्याले काय सांगून राह्यले?" दुसरा म्हणे, "बे, बिमारीच नवी हाय, त डॉक्टर शिकूनच सांगन ना!" मला दोघांचंही पटायचं. कागद मी लिहायचो आणि शिव्या सुदामभाऊ खायचे. "काल म्या सांगतलं ते सोडा," अशी त्यांची दवंडी सुरू होऊ लागली. चपला काढलेल्याच असायच्या.

दुसऱ्या लाटेत लसीच्या दोन सुयांमधलं अंतर वाढल्याचा कागद आला. मी चिठ्ठी लिहिली, तीनदा वाचली. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारे वसंतराव त्या सकाळी धुतलेला सदरा घालून फाट्यावर उभे होते. दुसरी सुई घ्यायला नांदुऱ्याला निघाले होते. सुदामभाऊंनी माझ्यासमोरच थाळी वाजवली आणि ओळखीचा माणूस म्हणून वर हाकही मारली, "वसंतराव, जाऊ नोका! दुसरी सुई आता उशिरानं हाय!" वसंतराव हसले, हात हलवला आणि घरी परतले.

महिन्याच्या आत ते करोनाने गेले. त्या दिवशी सुई मिळाली असती तर वाचले असते का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. केंद्रावरूनही परतच पाठवलं असतं. कागद खोटा नव्हता, हे मी स्वतःला आजही बजावतो. तरी तो हलवलेला हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर सुदामभाऊंचा नवा नेम सुरू झाला. गावभर दवंडी झाली की ते वसंतरावांच्या बंद दारापाशी थांबत, थाळी काखेत धरत आणि तोच मजकूर हलक्या आवाजात पुन्हा म्हणत. आतून वसंतरावांच्या पत्नीचा, सुलोचनाबाईंचा आवाज येई, "सांगीन त्यायले." मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि सुदामभाऊंना गाठून विचारलं.

"त्यायले जुनंच मालूम हाय, साहेब," ते म्हणाले. "जुन्यावरच गेले ते."

मी त्या गल्लीने जाणं सोडलं. मास्कची सक्ती उठली त्या दिवशी तेवढा एकदाच कोपऱ्यावर थांबलो. सुदामभाऊ दारापाशी म्हणत होते, "आता तोंड मोकळं ठेवलं तरी चालते, वसंतराव." आणि आतून तेच, "सांगीन त्यायले."

गेल्या हिवाळ्यात सुदामभाऊ झोपेतच गेले. त्यांच्या तेरवीच्या जेवणाला बसलो. तिथून उठलो तो थेट सुलोचनाबाईंच्या दारात आलो. बूट काढले. दार उघडंच होतं.

"वहिनी, सुईची ती चिठ्ठी मी लिहिली होती."

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. "मालूम हाय. सुदामभाऊले वाचता कुठी येत होतं?"

मी तांब्या उचलला.

"ते त दर खेपेले आले, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमी काऊन नाही आले?"