गोजराबाईच्या पडवीतली दुपारची झोप

गोजराबाई पोरांना अफू चाटवते, ही बातमी सत्तावन्न सालच्या आखाडात शेजारच्या घोटावड्याच्या निम्म्या वाटेपर्यंत पोचली होती. वेशीवर ती अफू मोहरीएवढी होती, ओढ्यापाशी हरभऱ्याएवढी झाली आणि गिरणीत दळणं संपेस्तोवर गोजराबाईच्या परसात अफूचं अख्खं शेत डोलायला लागलं.

खोटं. साफ खोटं. परसात पडवळ होतं. आणि अफू सोडाच, त्या बाईनं कुणाच्या पोराला गुळाचा खडासुद्धा कधी चाटवला नव्हता.

खरी भानगड निराळी. आवणी लागली की बाया पाठीवर पावसाची इरली घेऊन भात लावायला खाचरात उतरायच्या. अंगावरचं पोर बांधावर झोळीत निजायचं, चार वर्षांचं कोंबड्यांमागं धावायचं. मधली, म्हणजे दुसरं वर्ष पुरं व्हायला आलेली, ती मात्र कुणालाच नको असायची. झोळीत राहत नाहीत आणि हाक मारली की उलटी पळतात. ती सगळी गोजराबाईच्या पडवीत. बाईला ना शेत, ना मूलबाळ. सुगीला या पोरांच्या घरून जे भात यायचं, त्यावर तिची चूल वर्षभर पेटायची.

जन्मतारीख एकाही आईला ठाऊक नसायची, तेव्हा वय गोजराबाईच काढायची. न पडता उकिडवं बसून खडा उचलला, ‘नाक कुटं?’ म्हटल्यावर नाक दाखवलं (शेजारच्याचं दाखवलं तरी चालायचं) आणि ‘येतूस का?’ म्हटल्यावर ठणकावून ‘न्हाई’ म्हटलं, की पोर पास.

या वयाच्या पोरांना काम लागतं, हे तिनं बरोबर हेरलं होतं. सकाळी सगळ्यांनी धोंडे कोपऱ्यातून उंबऱ्यापाशी न्यायचे, मग उंबऱ्यापासून कोपऱ्यात. धान्य मोजायचं चिपटं मापट्यात बसवायचं, मापटं शेरात. तांब्याभर पाणी पडवळाला घालायचं. त्यातलं घोटभर पडवळाला मिळायचं, बाकीचं पोटावरून खाली. दोन शब्द जोडायला नुकतेच शिकलेले हे मुकादम दिवसभर एकमेकांवर खेकसायचे. ‘गोमा, दे!’ ‘माजा धोंडा!’ दुपारी पोरं भाकरीचा घास तोंडात धरून आडवी व्हायची.

सगुणाबाईची नात सोनी जरा जास्तच कामसू. एके दिवशी तिनं इतके धोंडे वाहिले, की तिन्हीसांजेला निजली ती सकाळीच उठली. सगुणाबाई विहिरीवर जाऊन ओरडली, “चिमटा काडला तरी जागी व्हईना माजी नात! अफू हाय अफू!”

दुसऱ्या दिवशी पडवी रिकामी. पोरं आयांबरोबर खाचरात गेली आणि त्यांतला नथू आईनं लावलेली रोपं तिच्या मागून एकेक करून उपटत चालला. संध्याकाळी बाया चिखलासकट हैबतराव पाटलाकडं गेल्या. पाटील म्हणाला, “पोरं घाला पडवीत. म्या सवता बसून बघतो. अफू घावली तर पडवी बंद!”

गोजराबाईसाठी पडवी बंद म्हणजे चूल बंद.

सकाळी पाटील पाटावर येऊन बसला, मिशीला पीळ देत. नथूनं त्याच्या मांडीवर एक धोंडा आणून ठेवला. “शाब्बास!” पाटील म्हणाला. तिथंच तो फसला. शाब्बास ऐकल्यावर पडवीतली सहाही पोरं धोंडे घेऊन धावली. पाटील खोकला, तर सहा घसे खोकले. मिशीवर हात फिरवला, तर सहा कोऱ्या ओठांवरून सहा हात फिरले. सोनीला अंगावरचं काढायला नुकतंच येत होतं, परत घालायला अजून यायचं होतं. तिनं पाटलाचा फेटा ओढला. गोमाला मागं मागं चालायची कला चारच दिवसांपूर्वी साधली होती. तो फेट्याचं टोक धरून मागं मागं थेट अंगणात गेला. पाटलानं विचारलं, “नाक कुटं रं?” नथूनं बोट घातलं, ते पाटलाच्या नाकात.

गोजराबाई कोपऱ्यात हात जोडून उभी. आता हा भडकणार! पण सोनीनं पाटलाचं धोतर धरून हुकूम सोडला, “आजा, चल!” आणि गावाचा पाटील बोडक्या डोक्यानं धोंडे वाहायला लागला. कोपऱ्यातून उंबऱ्यापाशी, उंबऱ्यापासून कोपऱ्यात.

दुपारी भाकरीच्या वेळी बाया आल्या, पुढं सगुणाबाई. पडवीत सहा पोरं गाढ झोपलेली आणि मधोमध सातवं, मिशीवालं, गोजराबाईच्या गोधडीवर घोरत पडलेलं. सगुणाबाईनं वाकून पाटलाचं तोंड हुंगलं.

“काय येतंय गं वास?” बायांनी विचारलं.

“कांद्याचा,” सगुणाबाई पुटपुटली. बाया इतक्या हसल्या की पाटील दचकून उठला.

“निजलो नव्हतो! डोळं मिटून चौकशी चालली व्हती,” तो म्हणाला. मग कंबर चोळत त्यानं निकाल दिला, “अफू-बिफू काय न्हाई. पोरं कामानं निजत्यात. पडवी चालू ऱ्हाईल.”

सगुणाबाई सोनीला उचलायला वाकली. सोनी झोपेतच म्हणाली, “न्हाई.”

पाटलानं फेटा गोळा करून काखेत मारला आणि निघता निघता हळूच म्हणाला, “तरी पक्की खातरी करायला उद्याच्याला पुन्यांदा येईन म्हंतो.”

गोजराबाई म्हणाली, “या की पाटील. पर निजाया वाकळ घरनं आना. माज्या गोधड्या पोरांनाच पुरत न्हाईत.”