पाणी कोणी काढलं?

मंगळवारी सकाळी सुमेधाताई गेली. शुक्रवारी तिच्या संशोधन संस्थेचं पुस्तक छापून आलं.

जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आम्ही एकाच घरात सहा वर्षं राहिलो. ती वर, मी खाली. नैऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतयुद्धात जर्मन सैन्याला घोडे कसे पुरवले गेले, हा तिचा संशोधनाचा विषय. सैन्याचे जुने कागद ती भिंग लावून वाचायची आणि संध्याकाळी माझ्याकडे चहाला आली की विचारायची, "घोड्यांना पाणी पाजलं, असं लिहिलंय. पण विहिरीतून पाणी काढलं कोणी?"

तिचे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे सांभाळणारे मोतद्दार होते. घोडा जिंकला की फोटोत लगाम धरलेला हात तेवढा त्यांचा यायचा. हे ती हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही.

कागदांत घोड्यांची नावं होती. रंग, वय, अंगावरच्या खुणासुद्धा. पाणी उपसणाऱ्या आफ्रिकन कैद्यांचं काहीच नव्हतं. तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या जुन्या वह्या धुंडाळून तिने त्यांची नावं शोधली आणि एक प्रकरण लिहिलं. पुस्तकाचं संपादन करणारे तिचे प्राध्यापक म्हणाले, हे गाळा, विषय घोड्यांचा आहे. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. घोडे पाण्यावरच जगतात."

आजार वाढल्यावर तिने प्राध्यापकांकडे एकच गोष्ट मागितली: ते प्रकरण पुस्तकात राहू द्या. हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून ते हो म्हणाले. मी तिथेच होतो. त्या रात्री ती शांत झोपली. पुस्तक तेव्हा छापखान्यात होतं.

प्रकरण त्यात नाही. प्रस्तावनेत, जुनं हस्ताक्षर वाचून दिल्याबद्दल "एका भारतीय सहकारी महिलेचे" आभार आहेत.

मी आयुष्यात कोणाशी भांडलेलो नाही. सोमवारी पुस्तक घेऊन प्राध्यापकांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं की, पानांची मर्यादा होती." मी प्रस्तावना उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "ही महिला कोण?" त्यांनी चष्मा पुसला. मग मी पुस्तक तिथेच टाकून निघालो.

त्या प्रकरणाची तिने तपासलेली प्रत माझ्या टेबलावर आहे. पहिल्या पानावर तिचं नाव आहे, आतल्या पानांवर पाणी काढणाऱ्यांची.